वीस मार्कांची सवलत आणि घरचा अभ्यास

मैत्रिणींनो, २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यातली ती बातमी आठवते ना? राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात म्हटलं होतं, की दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ च्या खाली पण २० च्या वर मार्क असतील, तर त्या मुलाला नापास न ठरवता अकरावीत जाता येईल. फक्त गुणपत्रिकेवर शेरा असेल, की याला पुढे गणित-विज्ञानावर आधारलेले अभ्यासक्रम घेता येणार नाहीत. हे लगेच लागू होणार नाही, नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हाची ही गोष्ट आहे, असा खुलासाही लगोलग झाला. पण तोवर घराघरांत चर्चा सुरू झाली होती.

आमच्या भिशीतही झाली. एकजण म्हणाली, ''बरं झालं बाई, पोरीच्या डोक्यावरचं ओझं गेलं.'' दुसरी म्हणाली, ''म्हणजे आता अभ्यासच नको करायला!'' दोघींचंही थोडं थोडं खरं आहे. आपल्याकडे दहावीत एका विषयात राहिलेल्या मुलाला पुन्हा बसवतात, क्लास लावतात. मुलीच्या बाबतीत मात्र 'आता घरीच राहू दे' असं म्हणायला घरच्यांना निमित्तच मिळतं. एका विषयापायी शिक्षण तुटलं आणि दोन वर्षांत लग्नाच्या पत्रिका छापल्या, अशा मुली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी ही सवलत म्हणजे आधार आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

पण तो शेरा? तो मला खटकतो. कारण त्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, सरकारने आणखी एक निर्णय घेतला. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनीअरिंग, फार्मसी, मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ. केवढी मोठी गोष्ट! 'मुलीवर एवढा खर्च कशाला' हे वाक्यच निकालात निघालं. पण या माफीपर्यंत पोहोचायचं कसं? बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. फार्मसीला सायन्स लागतं. म्हणजे एकीकडे फी माफ करून दार सताड उघडलं आणि दुसरीकडे पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलीच्या हातात 'या दारातून जाऊ नये' असा कागद ठेवायचा, असं व्हायला नको.

आणि खरं सांगू? मुलगी त्या दारापाशी पोहोचते की नाही, हे मंत्रालयात ठरतच नाही. ते ठरतं रोज संध्याकाळी सात ते नऊ या वेळात, आपल्या घरात, विज्ञानाच्या वहीवर.

गेली काही वर्षं आमच्या वाड्यातल्या आणि आजूबाजूच्या नववी-दहावीच्या मुली संध्याकाळी माझ्याकडे वह्या घेऊन बसतात. मी काही क्लास घेत नाही, नुसती सोबत बसते. त्यांचा अभ्यास कसा 'होतो' ते मात्र जवळून बघते. गाईड उघडायचं, उदाहरण क्रमांक शोधायचा, उत्तर उतरवायचं. गाईडमध्ये नसेल तर मोबाइलने वहीचा फोटो काढायचा, दोन सेकंदांत सगळी पायरीवार रीत हजर. अक्षर सुंदर, समास आखलेला, उत्तराखाली दोन रेघा. आई विचारते, ''झाला का गं अभ्यास?'' लेक म्हणते, ''झाला.'' दोघी खरंच बोलतात. वही पूर्ण झालेली असते.

परवाची गोष्ट. दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यातल्यासारखं एक गणित होतं. १००० वॅटची इस्त्री रोज अर्धा तास वापरली तर तीस दिवसांत किती युनिट वीज लागेल? एका मुलीने गुणाकार केला, १००० गुणिले अर्धा गुणिले तीस. उत्तर आलं १५,०००. पुढे 'युनिट' लिहिलं आणि खाली दोन रेघा! तिची आई तिला न्यायला आली होती. तिने सहज वहीत डोकावून बघितलं आणि हसायलाच लागली. ''अगं, पंधरा हजार युनिट? आपलं अख्ख्या घराचं बिल ऐंशी-नव्वद युनिटचं येतं!''

बघा, त्या माऊलीला किलोवॅट म्हणजे काय ते सांगता आलं नसतं. पण उत्तर चुकलंय हे तिला सगळ्यांत आधी कळलं. मग लेकीने पुन्हा पाहिलं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. १००० वॅट म्हणजे एक किलोवॅट. एक गुणिले अर्धा गुणिले तीस, म्हणजे १५ युनिट. वॅटचे किलोवॅट करायचे राहिले होते, म्हणून हजारपटीने घोटाळा झाला.

विज्ञान शिकलेली माणसं हेच करतात, उत्तराचा आकार पटतोय का ते बघतात. आपण बायका ते जन्मभर करत असतो. किलोभर पिठात मीठ किती, चार माणसांना भात किती, महिन्याचा सिलिंडर किती दिवस जायला हवा, याचा अंदाज आपल्या हातात असतो. तरी विज्ञानाची वही समोर आली की आपण हात झटकतो, ''मला बाई काय कळतंय त्यातलं, बाबांना विचार.'' लेक ते ऐकते. आणि हे बायकांचं काम नव्हे, अशी खूणगाठ बांधून ठेवते.

विजेचंच आणखी थोडं बोलू, कारण सध्या विजेच्या मीटरवरून गावोगाव वाद चालू आहेत. महावितरणने नवे स्मार्ट मीटर बसवायला घेतल्यापासून 'बिल वाढलं' ही तक्रार जिथे तिथे ऐकू येते. मीटर बरोबर की चूक, हे भांडून ठरवण्याआधी घरात मोजता येतं, आणि ते मोजण्याचं सगळं सामान दहावीच्या पुस्तकात आहे. उष्णतेच्या धड्यात लिहिलंय, की एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. आता अंघोळीची वीस लिटरची बादली घ्या. वीस लिटर म्हणजे वीस किलो पाणी. नळाचं पाणी २० अंशांवर आहे आणि आपल्याला ४० अंशांवर हवंय. वीस गुणिले वीस, ४०० किलोकॅलरी. एक युनिट विजेतून साधारण ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एका बादलीला जेमतेम अर्धा युनिट. दोन हजार वॅटच्या गिझरला त्यासाठी चौदा-पंधरा मिनिटं पुरतात.

चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या, महिन्याच्या एकशे वीस. म्हणजे झाले की पंचावन्न-साठ युनिट नुसत्या अंघोळीचे! आणि शंभर युनिटची रेघ ओलांडली, की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो. हे घरात किती जणींना माहीत असतं? बिल भरणारा वेगळा, बटण दाबणारी वेगळी. शिवाय वेळेनुसार दर लावणारे नवे मीटर ज्यांच्याकडे बसलेत, त्यांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे सवलत मिळते. इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर ही कामं कधी करायची, हा आता घरातल्या बाईचा निर्णय आहे. मुलीला घरचा अभ्यास म्हणून एका रविवारी घरातल्या सगळ्या उपकरणांवरचे वॅटचे आकडे वाचायला सांगा. पंखा, फ्रिज, टीव्ही, मिक्सर, इस्त्री. कोण किती तास चालतं ते तिने तुम्हालाच विचारायचं, तिच्या वडिलांना नाही. एक सूचना तेवढी द्या, की फ्रिज सतत चालू दिसला तरी त्याचा कॉम्प्रेसर मध्ये मध्ये बंद होतो, म्हणून तो हिशेब सरळ गुणाकाराने सुटत नाही. तिची बेरीज आणि बिलावरचा आकडा जवळपास आला तर उत्तम. फारच तफावत असेल तर वीज कार्यालयात नुसतं 'बिल जास्त आलंय' म्हणण्याऐवजी हातात हिशेबाचा कागद असेल.

भिंगांचा धडा तर आपल्यासाठीच लिहिलाय असं वाटतं. पुस्तकात 'वृद्धदृष्टिता' असा जड शब्द आहे, आपण त्याला चाळिशी म्हणतो. चष्म्याचा नंबर अधिक दोन, म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर अर्धा मीटर, कारण एकला नंबराने भागायचं. पटत नसेल तर तुमचा वाचायचा चष्मा घेऊन अंगणात जा. उन्हात धरून भिंतीवर किंवा पाटीवर सूर्याचा लहानात लहान ठिपका पाडा आणि शिवणाच्या टेपने अंतर मोजा. पन्नास सेंटिमीटरच्या आसपास येईल. (चष्म्यातून सूर्याकडे मात्र बघायचं नाही, आणि लहान मुलांच्या हातात द्यायचा नाही.) हे एकदा केलेली मुलगी ते सूत्र विसरत नाही. आणि आपली चाळिशी तिच्या पुस्तकात आहे, हे बघून आपल्यालाही जरा बरं वाटतं!

आता जीवशास्त्राकडे येते. इथे गणित चुकलं तर बिल नाही, आयुष्य बिघडतं.

नववीच्या आनुवंशिकतेच्या धड्यात दात्रपेशी पांडुरोग आहे. आपण त्याला सिकलसेल म्हणतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, अंग असह्य दुखतं, रक्त कमी होतं. आपल्या राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या भागात आणि इकडे नंदुरबारकडे हा आजार बराच आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि २०४७ पर्यंतचं लक्ष्य ठेवलं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि त्यांना कार्ड द्यायचं, अशी ती योजना. कार्डावर लिहिलेलं असतं, की तुम्ही निरोगी, वाहक की रुग्ण.

पण कार्ड वाचायचं कसं? ते नववीच्या वहीत आहे. दोन रकान्यांची ती चौकट आठवते? आईकडून एक जनुक, वडिलांकडून एक. चांगल्याला 'ए' म्हणू, बिघडलेल्याला 'एस'. ज्याच्याकडे 'ए' आणि 'एस' असे दोन्ही आहेत तो वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो, कित्येकदा त्याला माहीतही नसतं. आता आई-वडील दोघेही वाहक असतील तर चौकटीत चार घरं भरतात. एका घरात दोन्ही चांगले, दोन घरांत एकेक, आणि एका घरात दोन्ही बिघडलेले. म्हणजे मूल पूर्ण निरोगी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि आजारी असण्याची चारात एक. जोडीदारांपैकी एकच वाहक असेल आणि दुसरा निरोगी, तर एकही मूल या आजाराचं होत नाही.

हे उत्तर मुली धडाधड लिहितात, मार्कही मिळतात. पण मी एकीला विचारलं, ''समजा, त्या बाईचं पहिलं मूल आजारी निघालं. मग पुढची तिन्ही चांगली होतील?'' ती लगेच म्हणाली, ''हो मावशी, चारात एक झालं ना!'' गाईडमध्ये हा प्रश्न नसतो, म्हणून त्याचं उत्तरही नसतं. कित्येक घरांत सासू सुनेला हेच सांगते, ''एक झालं ना तसं, आता देव पुढचं नीट देईल.''

मी त्या मुलीला दोन नाणी दिली. एक नाणं आईचं, एक वडिलांचं. छापा म्हणजे 'ए', काटा म्हणजे 'एस'. दोन्ही एकदम उडवायची आणि लिहायचं, असं चाळीस वेळा. दोन्ही काटे आले तर ते मूल आजारी. दहाच्या आसपास वेळा काटा-काटा यायला हवा होता, तिला बारा वेळा आला. आणि त्यात एकदा सलग दोनदा काटा-काटा पडला. तिने वही बाजूला ठेवली. ''म्हणजे नाण्याला मागचं आठवतच नाही!'' असं म्हणाली आणि गप्प बसली. हेच तर शिकायचं होतं. प्रत्येक बाळंतपणाला शक्यता तेवढीच, चारात एक. आधी काय झालं याच्याशी तिचा संबंध नाही.

ही मुलगी पाच-सात वर्षांनी लग्नाला उभी राहील. पत्रिका, छत्तीस गुण सगळं बघितलं जाईल. 'मुलाचं सिकलसेलचं कार्ड दाखवा' हे कोण म्हणणार? आजाराच्या पट्ट्यात राहणाऱ्या घरांनी हे म्हटलंच पाहिजे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मात्र वाहक मुलीला नाकारण्यासाठी हे कार्ड वापरायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. दोन वाहकांची गाठ पडते आहे का, एवढंच बघायचं असतं. चौकट ज्याला कळली त्याला हा फरक कळतो. ज्याला कळली नाही त्याच्या हातात कार्ड म्हणजे मुलीच्या कपाळावरचा आणखी एक डाग.

दुसरी चौकट तर आपल्या सगळ्यांच्याच घरातली. बाईकडे एक्स आणि एक्स, पुरुषाकडे एक्स आणि वाय. आईकडून प्रत्येक मुलाला एक्सच मिळतो. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात दहावीची वही रोज उघडली जाते, त्या पानावर हे लिहिलेलंही असतं, पण कुणी मोठ्याने वाचत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा १९९४ चा. कायदा आहे, धडा आहे, आणि तरी हा आकडा. माझं तर म्हणणं आहे, या धड्याचा अभ्यास मुलीने आजीसमोर बसून मोठ्याने पाठ करावा. उद्धटपणा म्हणून नाही, परीक्षेची तयारी म्हणून!

आता एक अडचण सांगते, जी तुमच्यापैकी बऱ्याच जणींची असेल. आपण शिकलो ते मराठीतून, लेक आहे सेमी-इंग्लिशमध्ये. आपण म्हणतो अपवर्तन, ती म्हणते रिफ्रॅक्शन. आपण म्हणतो रोध, ती म्हणते रेझिस्टन्स. त्यामुळे येत असलेलंही सांगता येत नाही आणि मायलेकींमध्ये उगाच एक भिंत उभी राहते. याला सोपा उपाय आहे. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तोच धडा मराठी पुस्तकातून मोबाइलवर उतरवून घ्या आणि दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. बहुतेक ठिकाणी चित्र तेच, आकडे तेच असतात. दोन-तीन धड्यांत शब्द ओळखीचे होतात. आणि मुलीलाही मराठी शब्दातला अर्थ दिसायला लागतो. 'निकटदृष्टिता' म्हटलं की जवळचं दिसतं हे शब्दच सांगतो, 'मायोपिया' काहीच सांगत नाही.

मोबाइलवर तयार उत्तरं शोधण्यावर बंदी घालून काही होणार नाही. तो फोटो काढणारच. पण उत्तर उतरवून झाल्यावर तीन प्रश्न विचारता येतात, आणि त्यासाठी सायन्स ग्रॅज्युएट असावं लागत नाही. हा आकडा कशाचा, म्हणजे किलो, मीटर, युनिट की अंश? एवढा मोठा किंवा एवढा लहान असू शकतो का? आणि आकडा बदलला, समजा अर्धा तासाऐवजी एक तास केला, तर उत्तर वाढेल की कमी होईल? तिसऱ्या प्रश्नावर उतरवलेला अभ्यास हमखास अडखळतो. अडखळला तर रागवू नका. तिथूनच खरा अभ्यास सुरू होतो, भले त्या दिवशी पाचऐवजी दोनच गणितं होऊ देत.

शाळेचीही बाजू आहे. दहावीच्या विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीस मार्कांचे आणि वीस मार्क प्रात्यक्षिकाचे. ते वीस मार्क शाळेच्याच हातात असतात. प्रात्यक्षिकाची वही शेवटच्या आठवड्यात एकमेकींची बघून कशी भरली जाते, हे आपण सगळ्या जाणतो. पालकसभेत आपण विचारतो, ''सर, ती बडबड फार करते का?'' किंवा ''मार्क का कमी पडले?'' पुढच्या सभेत वेगळं विचारून बघा. दिवाळीपर्यंत किती प्रयोग झाले, आणि त्यात माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने किती केले? लोलक, भिंग, वायर हातात कुणाच्या होती, आणि वही घेऊन मागे उभं कोण होतं? सभेला चार जणी मिळून जा. एकटीने विचारलं तर 'बघू' म्हणतात, चौघींनी विचारलं तर प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली सापडते.